‘एक्सेल येतं’ म्हणजे किती येतं?

सुपा एमआयडीसीतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. स्टोअर असिस्टंट, डिस्पॅच क्लार्क, क्यूसी इन्स्पेक्टर, ऑफिस असिस्टंट. शिक्षण काहीही मागितलेलं असो, शेवटची ओळ ठरलेली : ‘कॉम्प्युटर नॉलेज आवश्यक’. उत्तरादाखल जे बायोडाटा येतात त्यांतही एक ओळ ठरलेली : एमएस-सीआयटी, टॅली, एमएस ऑफिस, टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. पूर्वी पारनेर तालुक्यातला तरुण नोकरीसाठी मुंबईची एसटी धरायचा. आता जपानी कंपन्यांसाठी राखलेल्या औद्योगिक क्षेत्रात तो गावातून मोटरसायकलवर जातो. गेटवर त्याच्या हातात प्लॅस्टिकची फाइल असते आणि ती ओळ खरी असल्याचा पुरावा तिच्यात असायला हवा, अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

त्या पुराव्याबद्दल दोन माणसांचं भांडण इथे मांडतो आहे. एक ‘सर’ : टाइपरायटरच्या काळापासून टंकलेखनाचे वर्ग चालवलेले, पुढे संगणक केंद्र काढलेले. दुसऱ्या ‘मॅडम’ : त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी, आता एका कारखान्यात भरतीचं काम पाहणाऱ्या. दोघंही मी कल्पिलेली आहेत. भांडण मात्र कल्पित नाही, आणि राज्यातल्या ज्या घटनांचा दाखला ती दोघं देतात त्याही खऱ्या आहेत.

मॅडम : सर, रागावू नका, पण बायोडाटातली ती कॉम्प्युटरची ओळ मी वाचणंच सोडलंय.

सर : अगं, ती ओळ लिहिता यावी म्हणून घरच्यांनी करडू विकलेलं असतं. आणि तू म्हणतेस वाचत नाही?

मॅडम : वाचून करू काय? मागं एक मुलगा आला होता. एमएस-सीआयटीला नव्वदच्या वर गुण. त्याला आलेल्या मालाची यादी दिली, दर दुसऱ्या शीटमध्ये होते. म्हटलं, व्हीलुकअप लाव आणि रक्कम काढ. त्यानं माझ्याकडे कॅल्क्युलेटर मागितला.

सर : बेरीज बरोबर आली का?

मॅडम : आली ना! तीच तर पंचाईत. मुलगा हुशार, कागद खरा, आणि तरी बायोडाटातलं ‘अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल’ खोटं.

सर : मग खोटं कुणी बोललं ते नीट सांग. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल’ लिहिलेलं असतं का? नाही. ते संगणक साक्षरतेचं प्रमाणपत्र आहे. २००१ साली राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकारानं एमकेसीएल निघालं आणि हा कोर्स सुरू झाला, तेव्हा माऊस धरताना पोरांचे हात थरथरायचे. कोटीच्या वर लोक तो शिकले असं एमकेसीएल सांगतं. शेतकऱ्याची, हमालाची पोरं पहिल्यांदा कीबोर्डला बसली ती त्या कोर्समुळं. याला अक्षरओळख झाली आहे, एवढंच तो कागद म्हणतो आणि ते खरं म्हणतो. पुढचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ त्या पोरानं पदरचं जोडलं.

मॅडम : पोरानं, की तुमच्या केंद्राशेजारच्या झेरॉक्सवाल्यानं? सुपा, शिरूर, नगर, सगळीकडे बायोडाटाचा एकच साचा फिरतो. नाव बदलायचं, जन्मतारीख बदलायची, खालचं सगळं तसंच ठेवायचं. एका बायोडाटात तर आधीच्या कुणाच्या तरी वडिलांचं नाव राहून गेलं होतं!

या साच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बनावट प्रमाणपत्र सापडलं की वर्तमानपत्रात बातमी येते. साच्यातून आलेलं खोटं मात्र इतकं किरकोळ असतं, की ज्याच्या नावावर ते जातं त्यालाही ते आपण बोललो असं वाटत नाही. माझ्या मते नोकरीच्या अर्जांमधलं बहुतेक खोटं याच जातीचं आहे. त्यात लबाडी थोडी आणि आळस फार.

सर : बरं, मग तुझा उपाय काय? कागद बाजूला ठेवायचा आणि तोंड बघून माणूस घ्यायचा? ते दिवस मी पाहिलेत. अमक्याचा भाचा, तमक्या पुढाऱ्याची चिठ्ठी. ज्याला चिठ्ठी देणारं कुणी नाही, त्याला परीक्षेच्या कागदाचाच आधार. तो कागद तुझं आडनाव विचारत नाही, तुझा बाप कोण ते विचारत नाही.

मॅडम : सरकारी कागद म्हणजे डोळे झाकून भरवसा, असं म्हणता? तुमच्याकडची पोरं टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा देतात. ती घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. तीच परिषद शिक्षक पात्रता परीक्षाही घेते. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीचं काय झालं? पैसे घेऊन नापासांना पास केल्याचं प्रकरण निघालं. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक केली. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेनं ७,८८० उमेदवारांची यादी काढून त्यांची संपादणूक रद्द केली. आता ती प्रमाणपत्रं काही कुणी गल्लीतल्या दुकानात छापलेली नव्हती. कागद खरा, शिक्का खरा, सही खरी. आतला निकाल तेवढा खोटा.

सर : आणि त्या यादीतली नावं सापडली कशामुळं? मूळ उत्तरपत्रिकेवरचे गुण आणि जाहीर केलेले गुण जुळेनात म्हणून. म्हणजे कागदाला कागदानंच पकडलं. तुझ्या केबिनमध्ये कुणाला घेतलं आणि कुणाला कशासाठी गाळलं, याची नोंद कुठं राहते? तिथली लबाडी जन्मात उघडी पडणार नाही. राळेगणसिद्धी आपल्याच तालुक्यातलं. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारेंनी आंदोलनं केली, राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. ते सगळं कशावर उभं आहे? लेखी नोंद असेल तरच जाब विचारता येतो, यावर.

इथे सरांचं पारडं जड आहे असं मला वाटतं. परीक्षेत घोटाळा झाला म्हणून परीक्षाच नको म्हणणं सोपं असतं. पण तसं म्हणणाऱ्याकडे बहुधा दुसरी काहीतरी सोय असते. मॅडमनी मात्र माघार घेतली नाही. त्यांनी वाद मुळाशी नेला.

मॅडम : नोंद हवी, मान्य. पण नोंदीची ही भूक लावली कुणी? सरकारनंच. कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची केली. एमएस-सीआयटीसाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली, आणि मुदतीत पास न झालेल्यांकडून वेतनवाढी वसूल करायची प्रकरणं पुढं कितीतरी वर्षं चालली. जिल्हा परिषदेच्या मास्तरांना विचारा. फळ्यावर उभं आयुष्य गेलेला माणूस पन्नाशीत क्लासला बसला तो शिकायला बसला का? वेतनवाढ वाचवायला बसला. आणि त्याच्या वर्गातल्या पोरांनी त्यातून काय घेतलं? कागद हा तारखेच्या आत मिळवायचा असतो, एवढंच.

सर : त्या मास्तरांना मी शिकवलंय गं. पुष्कळजण वेतनवाढीसाठीच आले होते, खोटं कशाला बोलू. एक गुरुजी तर पहिल्या दिवशी म्हणाले, ‘फक्त पास कसं व्हायचं ते सांगा.’ पण तेच पुढं शाळेचे ऑनलाइन फॉर्म स्वतः भरायला लागले, कुणाला शंभर रुपये न देता. सक्तीनं शिकलेलं सगळंच वाया जात नाही.

मॅडम : ठीक. शिकलेल्यांचं सोडून देऊ. जे शिकलेलेच नाहीत आणि कागद घेऊन येतात, त्यांचं काय? मोबाइलवर दुसऱ्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, नाव पुसून आपलं टाकायचं. काही तर इतके पुढं गेलेत की क्यूआर कोडसुद्धा छापतात. कोड स्कॅन केला की एक वेबसाइट उघडते, हिरवी खूण दाखवते, ‘व्हेरिफाइड’ म्हणते. ती वेबसाइटच बनावट.

सर : म्हणून तर पोरांना सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो : कागदावरचा कोड स्कॅन करून समाधान मानू नका. परीक्षा घेणाऱ्या संस्थेची साइट आपल्या हातानं उघडा, तिथं प्रमाणपत्राचा क्रमांक टाका. दहावी-बारावीचं गुणपत्रक डिजिलॉकरवर मिळतं. पण तिथंही बघायचं असतं. ‘इश्यूड’ या भागात जे दिसतं ते त्या मंडळानं स्वतः पाठवलेलं. नियमानं त्याला मूळ कागदाचा मान आहे. आणि त्याच डिजिलॉकरच्या ‘ड्राइव्ह’मध्ये कुणीही कसलाही फोटो चढवू शकतो. डिजिलॉकरवर आहे म्हटलं की तुम्ही लोक मान डोलावता.

मॅडम : लागलं मला ते. आम्ही डोलावतो.

सर : आणखी एक सांगतो, आमच्याच धंद्यातलं आहे. कोर्सच्या जाहिरातीवर ‘शासन नोंदणीकृत’ असं मोठ्या अक्षरांत असतं. खाली आयएसओ ९००१:२०१५ चा गोल शिक्का. आई-बापाला वाटतं, झालं, सरकारचा कोर्स. नोंदणी असते त्या संस्थेची, म्हणजे ट्रस्टची नाहीतर दुकानाची. अभ्यासक्रमाला कुणी मान्यता दिलेली असतेच असं नाही. आयएसओचा शिक्का कारभाराच्या पद्धतीला मिळतो. पोराला काय आलं याच्याशी त्याचा संबंध नाही. पोरगं बिचारं प्रामाणिकपणे ते प्रमाणपत्र तुझ्यापुढं ठेवतं आणि तू त्याला बोगस म्हणून उठवतेस.

मॅडम : उठवत नाही. पण बाजूला ठेवते, हे खरं आहे.

सर : बाजूला ठेवलेला परत कधी बोलावलास?

या प्रश्नावर मॅडमनी विषय बदलला. मला तो बदललेला आवडला नाही, कारण प्रश्न रास्त होता. फसवल्या गेलेल्या विद्यार्थ्याला फसवणाऱ्याच्या रांगेत उभं करणं हा तपासणाऱ्याचा आळस आहे. निदान ‘हे प्रमाणपत्र आम्ही धरत नाही, दुसरं काही आहे का, नसेल तर मशिनवर बसून दाखव’ एवढं तरी त्याला सांगायला हवं.

मॅडम : पुण्याला जाऊन मोठे कोर्स केलेल्या मुलांची वेगळीच गंमत असते. आमच्या आयटी सपोर्टच्या जागेला एकानं ‘एमसीएसई’ लिहिलं होतं. मायक्रोसॉफ्टनं ते ३१ जानेवारी २०२१ लाच बंद केलं. त्यानं परीक्षा दिली होती ती त्याच्याही आधी. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं चालतं, मग नव्यानं सिद्ध करावं लागतं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट दर्जाची प्रमाणपत्रं तर वर्षभराचीच. नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट, पण करावं लागतं. हे लोक साल लिहीतच नाहीत.

सर : साल लिहिलं नाही म्हणजे खोटं झालं का? परीक्षा दिली होती ना त्यानं?

मॅडम : दूध परवाचं असेल तर सांगायला नको?

सर : ज्ञान नासत नाही, बाई.

मॅडम : सर्व्हरच्या बाबतीत नासतं, सर.

सर : बरं, ते तुझ्या क्षेत्रातलं.

मॅडम : आणि दुसरं. ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ पूर्ण पाहिले की ‘सर्टिफिकेट ऑफ कम्प्लीशन’ येतं. पाहिलं म्हणून मिळालं. तेच बायोडाटात ‘सर्टिफाइड’ होऊन बसतं. ‘स्वयम’वर बघा, व्हिडिओ कुणीही फुकट पाहावेत, पण प्रमाणपत्र हवं तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. हा फरक ज्यानं परीक्षा दिली त्याला पक्का ठाऊक असतो. ज्यानं दिली नाही तोच विसरतो. तिसरे ते, जे इंटरनेटवर फिरणारे चोरलेले प्रश्न पाठ करून परीक्षा पास होतात. त्यांचा क्रमांक साइटवर खरा निघतो. त्यांना तुमचा कागद कसा पकडणार?

सर : त्यांना कागद नाही पकडणार. तिथं तूच पकडायचं.

मॅडम : तेच तर मी मघापासून म्हणतेय!

सर : नाही, तू मघापासून म्हणतेस की कागद वाचत नाही. मी म्हणतो, आधी वाच आणि मग पकड.

आता मात्र दोघं एकमेकांच्या जवळ आली होती आणि तेच दोघांनाही रुचत नव्हतं. सरांनी मग ठेवणीतला विषय काढला.

सर : तुमच्याबद्दलही बोलू जरा. प्रामाणिकपणा पोरांनीच दाखवायचा का? माल मोजून गाडीत चढवायच्या कामाला ‘एमएस ऑफिस, टॅली, टायपिंग’ मागता. त्या माणसाला वर्षभरात कीबोर्ड दिसत नाही. अट खोटी असली की तिच्यासाठी आणलेला कागदही खोटाच निघणार, त्यात नवल काय? आणि तुमचे ठेकेदार मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, पोरगं मधेच सोडून जाऊ नये म्हणून. कागदावर विश्वास नाही म्हणता आणि कागदालाच ओलीस ठेवता!

मॅडम : मूळ कागद ठेवून घेणं चूकच आहे. आमच्याकडे ते चालू देत नाही मी. मूळ बघायचं, झेरॉक्स घ्यायची, मूळ त्याच्या हातात परत. अटींचं म्हणाल तर... त्या मी लिहीत नाही. जुन्या जाहिरातीतून येतात.

सर : म्हणजे तुमचाही साचाच.

यावर मॅडम हसल्या. मीही.

पण सरांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ठेकेदार मूळ कागद अडकवून ठेवतात, सरकार मात्र उमेदवाराच्या शब्दावर विसंबतं. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं स्वयंसाक्षांकन आणलं. त्याआधी झेरॉक्सवर शिक्का मारून घ्यायला राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळावं लागे. आता उमेदवार स्वतःच सही करतो : ही मूळ कागदाची खरी प्रत आहे. शासनानं सामान्य माणसाच्या शब्दावर एवढा भरवसा टाकल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. तो भरवसा मोडला तर कायदा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणाऱ्याला तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत हेच ४७१ होतं. म्हणजे ‘मी नाही केला, एजंटानं करून दिला’ म्हणून हात झटकता येत नाहीत. जातीच्या खोट्या दाखल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत सांगितलं, की दाव्यातला खोटेपणा ठरला की नोकरी कितीही वर्षांची असली तरी टिकत नाही. तो कायदा वेगळा, पण एमआयडीसीतल्या मुलांना मी तो निकाल मुद्दाम सांगेन. कन्फर्म झालो की सुटलो, ही समजूत फार पसरलेली आहे.

मॅडम : मला शिक्षेत रस नाही, सर. मला सोमवारी सकाळी माणूस हवा असतो. म्हणून मी कागद न वाचता मशिनवर बसवते. ‘टॅली येतं’ म्हणतो ना? पेमेंटची एंट्री कर. बोट एफ-५ वर आपोआप गेलं तर त्यानं काम केलंय. मेनूत शोधत बसला तर क्लास केलाय. ‘सॅप येतं’ म्हणतो? गेटवर माल आला, आत घे. ‘मिगो’ हा कोड टाकला की कळतं. पाच मिनिटं लागतात.

सर : आणि ज्याला त्या दिवशी ताप असेल? ज्याचा तुझ्यासमोर हातच चालत नाही? गावातल्या मुली एसीच्या केबिनमध्ये पहिल्यांदा बसतात, समोर तीन अनोळखी माणसं. कीबोर्डवर एरवी धडाधड चालणारी बोटं तिथं गोठतात. मी टायपिंगच्या परीक्षांना हे डोळ्यांनी बघितलंय. चाचणीसुद्धा सगळंच खरं सांगत नाही.

मॅडम : मग एमपीएससीचं काय म्हणाल? लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं प्रमाणपत्र मागत होतेच. तरी आता टंकलेखनाची कौशल्य चाचणी घेतात. त्यांनाही कागद पुरला नाहीच ना?

सर : पण कागद काढून टाकला नाही त्यांनी. दोन्ही ठेवलं. तेच तर मी सांगतोय.

मॅडम : बरं, एक विचारते. तुमच्या मुलांना बायोडाटा कसा लिहायला सांगता?

सर : सांगतो, कसा लिहावा ते. ‘एमएस-सीआयटी, अमुक साली उत्तीर्ण, गुण इतके, प्रमाणपत्र क्रमांक हा. एक्सेल : बेरीज, सॉर्ट, फिल्टर येतं, व्हीलुकअप शिकतो आहे. टॅली : दुकानात सहा महिने ईआरपी ९ वर काम केलं, प्राइम वापरलेलं नाही, प्रमाणपत्र नाही. मराठी टायपिंग ३० उत्तीर्ण; इंग्रजी ४० ला बसलो आहे, निकाल बाकी.’ असं लिहावं.

मॅडम : असा एक तरी बायोडाटा माझ्याकडे येऊ दे. मी त्याला त्याच दिवशी बोलावीन.

सर : तुझ्यापर्यंत येईल का तो? आधी ठेकेदाराचा माणूस चाळणी लावतो. शंभर बायोडाटांत त्याला ‘एक्स्पर्ट’ आणि ‘शिकतो आहे’ दिसले की तो कुणाला उचलतो? ‘शिकतो आहे’ खाली राहतं. खरं लिहिणारं पोर पहिल्याच चाळणीत गळतं, आणि पुढच्या वेळी तेही ‘एक्स्पर्ट’ लिहितं. त्याला खोटारडा कसा म्हणू मी? त्याला तुम्ही शिकवलं.

मॅडमना यावर उत्तर नव्हतं. निदान लगेच तरी नव्हतं. माझ्याही मते या भांडणातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. उमेदवारानं खरं लिहावं हे म्हणायला सोपं, पण खरं लिहिल्याची किंमत तो एकटाच मोजणार असेल तर किती दिवस मोजेल? खोटं लिहिणं मुळातच चूक आहे, बाजार काहीही करो, असं सर वर्गात सांगतात आणि ते बरोबर आहे. पण वीस वर्षांच्या मुलानं घरचा हप्ता डोळ्यांपुढे असताना ते पाळावं, असं वाटत असेल तर चाळणी बदलण्याची जबाबदारी कारखान्यावर येते. तिथे मी सरांच्या बाजूचा आहे.

मॅडम : एक करता येईल. जाहिरातीतच लिहायचं, ‘मुलाखतीच्या दिवशी वीस मिनिटं एक्सेलवर काम करून दाखवावं लागेल, काम असं असं.’ ‘एक्स्पर्ट’ लिहिणारे निम्मे तिथंच येणार नाहीत.

सर : आणि कामाला कॉम्प्युटर लागतच नसेल तर?

मॅडम : तर ती ओळ जाहिरातीतून काढायची.

सर : काढू देतील तुला?

मॅडम : विचारून बघते. पण तुम्हीही एक करा. कोर्स संपला की प्रमाणपत्राबरोबर पोरांना त्यांनी केलेलं एक काम द्या. पेनड्राइव्हवर, नाहीतर मेलवर. स्टॉकचं रजिस्टर, पगारपत्रक, काहीही. त्यांच्या हातचं. मी उघडीन, एका सेलवर बोट ठेवीन आणि विचारीन, हे सूत्र इथं का लावलंस. ज्यानं केलंय तो सांगेल.

सर : दुसऱ्याची फाइल कॉपी करून आणतील.

मॅडम : आणू देत. सांगता येणार नाही.

सर मान हलवत राहिले. पटलं की नाही कळलं नाही. मला स्वतःला मॅडमची ही सूचना आवडली, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि लाजऱ्या मुलीलासुद्धा आपल्या हातच्या कामाबद्दल बोलता येतं. परक्या केबिनमध्ये गोठणारी बोटं हा सरांचा आक्षेपही त्यात थोडा मिटतो. कागद नको म्हणणाऱ्या मॅडमच्या मताशी मात्र मी शेवटपर्यंत सहमत झालो नाही. क्रमांक असलेला, संस्थेकडे पडताळता येणारा कागद ज्याच्याकडे आहे त्यानं तो पहिल्या पानावर लिहावा, आणि कारखान्यानं तो पडताळावा.

जाता जाता सरांनी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांच्या उपयोगाची आहे. त्यांच्याकडच्या पुष्कळ मुलींची प्रमाणपत्रं माहेरच्या नावावर असतात आणि आधार सासरच्या नावावर. मुलांचीही वेगळी अडचण असते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. परदेशी कंपन्यांच्या परीक्षेचा फॉर्म भरताना पोरं गोंधळतात आणि प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आडनाव होऊन छापलं जातं. मग पडताळणीत क्रमांक जुळतो, नाव जुळत नाही, आणि खरा उमेदवार संशयित ठरतो.

तेव्हा घरात नोकरीला अर्ज करणारं कुणी असेल तर दहावीची गुणपत्रिका, आधार आणि संगणकाचं प्रमाणपत्र ही तिन्ही आजच शेजारी-शेजारी ठेवून नावं जुळवून बघा. ऑनलाइन परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर ओळखपत्रावर आहे तसंच नाव भरा. चूक छापून आली असेल तर संस्थेकडे दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा. नोकरीचा कॉल आल्यावर वेळ मिळत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत अर्जाला आधीच जोडा, आणि दोन्ही नावं माझीच आहेत हे अर्जात एका ओळीत लिहून ठेवा.